वास्तवदर्शी चित्र आणि रानातला बंडखोर



‘वास्तववाद’ ही संज्ञा आपण कादंबरीच्या आणि कथेच्या अभ्यासात वारंवार वापरतो. उत्तरपत्रिकेत तर ती फार सहजपणे येते. वर्णन बारकाईने केलेले असले, पात्रांची वेशभूषा व बोली ओळखीची वाटली, की आपण त्या लेखनाला ‘वास्तववादी’ म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात ही सवय एका चित्राच्या साहाय्याने तपासून पाहायची आहे. चित्र इंग्लंडमधले आहे, त्यातील माणसे दंतकथेतली आहेत आणि त्याची शैली मात्र पराकोटीची वास्तवदर्शी आहे. मला वाटते, दंतकथा आणि वास्तवदर्शी शैली एकत्र आल्यावर जो प्रश्न निर्माण होतो, तो लोकसाहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाने एकदा तरी स्वतःला विचारायला हवा.

चित्र आणि त्याचा काळ

डॅनियल मॅक्लीस (1806–1870) हा आयर्लंडमधील कॉर्क येथे जन्मलेला आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेला चित्रकार. चार्ल्स डिकन्सचा तो जवळचा मित्र होता. पुढे ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीतील वॉटर्लू आणि ट्रफॅल्गर या युद्धप्रसंगांची भव्य भित्तिचित्रे त्यानेच काढली. 1839 साली त्याने लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात एक मोठे तैलचित्र मांडले. शेरवूडच्या रानात रॉबिन हूड आणि त्याचे सोबती राजा रिचर्डला मेजवानी देत आहेत, असा त्याचा विषय आहे. आज हे चित्र नॉटिंगहॅम शहराच्या संग्रहात आहे. ज्या शहराचा शेरिफ हा दंतकथेत रॉबिनचा हाडवैरी, त्याच शहराने हे चित्र जपावे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

चित्रात रानातल्या गर्द झाडीखाली माणसांचा मेळा जमलेला आहे. वस्त्रांच्या घड्या, धातूवरचा प्रकाश, कातड्याचा पोत, झाडाची साल, अन्नपदार्थ, शस्त्रे या सगळ्यांवर चित्रकाराने सारखेच लक्ष दिले आहे. पाहणाऱ्याला वाटावे की चित्रकार त्या मेजवानीला स्वतः हजर होता. ही किमया कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या वर्षी हे चित्र लोकांसमोर आले, त्याच वर्षी पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाच्या पद्धतीची घोषणा झाली. ‘जसे आहे तसे’ दाखवण्याची ओढ त्या काळाच्या हवेतच होती.

पण त्याच हवेत आणखीही काही होते. 1831 साली मतदानसुधारणेचे विधेयक फेटाळले गेल्यावर नॉटिंगहॅममध्ये दंगल झाली आणि संतप्त जमावाने तेथील किल्लावजा प्रासाद जाळला. त्यापूर्वी, 1811 मध्ये याच परगण्यातील विणकरांनी आपली मजुरी बुडवणारे मागे फोडण्यास सुरुवात केली होती. 1839 मध्ये चार्टिस्ट चळवळीने कामगारांच्या मताधिकाराची मागणी करणारा प्रचंड सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला आणि पार्लमेंटने तो विचारात घेण्यास नकार दिला. याच सुमारास राजा आणि कायद्याबाहेरचा माणूस एका पंगतीत बसलेले एक सुंदर चित्र लंडनमध्ये टांगले गेले. चित्रकाराच्या मनात काय होते, याचा निवाडा आपण करू नये. परंतु पाहणाऱ्यांना या दृश्यातून कोणते समाधान मिळत असेल, याचा विचार करणे आपल्या हाती आहे.

कथागीतातला रॉबिन

रॉबिन हूड नावाचा माणूस खरोखर होऊन गेला की नाही, हे ठामपणे सांगता येईल असा पुरावा उपलब्ध नाही. त्याच्याविषयीची गाणी मात्र जुनी आहेत. विल्यम लँगलंडच्या चौदाव्या शतकातील ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात एक आळशी पाद्री येतो. त्याला प्रार्थना नीट येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी येतात. म्हणजे 1377 च्या आसपास ही गाणी सर्वतोमुखी होती. त्यानंतर सुमारे 1500 साली ‘अ जेस्ट ऑफ रॉबिन हूड’ हे दीर्घ कथागीत छापले गेले. रॉबिनची सलग कथा सांगणारी ही सर्वांत महत्त्वाची जुनी रचना आहे.

या कथागीतातला रॉबिन सरदार नाही. तो ‘योमन’ आहे, म्हणजे स्वतंत्र पण उमरावांच्या खालच्या थरातला माणूस. त्याचा वावर प्रामुख्याने यॉर्कशरमधील बार्न्सडेलच्या रानात आहे. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला धक्का लावू नका, अशी ताकीद तो आपल्या माणसांना देतो. यॉर्कच्या मठाचे 400 पौंडांचे कर्ज अंगावर असलेल्या एका सरदाराला तो तेवढीच रक्कम उसनी देतो. सावकारी, मठांची जमीन, शेरिफचा जाच हे या कथेचे खरे विषय आहेत. आणि कथेतला राजा रिचर्ड नाही, एडवर्ड आहे.

हा एडवर्ड वेष पालटून मठाधिपती म्हणून रानात येतो. रॉबिन त्याला मेजवानी देतो आणि त्या मेजवानीत वाढतो ते हरणाचे मांस. येथे थोडे थांबून त्या काळातील कायदा लक्षात घेतला पाहिजे. नॉर्मन राजांनी इंग्लंडचे विस्तीर्ण प्रदेश ‘राजाचे रान’ म्हणून जाहीर केले होते. ‘फॉरेस्ट’ हा शब्द तेव्हा केवळ झाडीला लावला जात नसे. ज्या भूमीवर राजाचा वनकायदा चालतो ती भूमी, मग तिच्यात गावे आणि शेते असली तरी, ‘फॉरेस्ट’ होती. तेथील हरीण राजाचे होते. 1217 च्या वन-सनदेने हरणाच्या शिकारीसाठी प्राण वा अवयव घेण्याची शिक्षा रद्द करून दंड व कैद ठेवली. म्हणजे त्याआधी काय घडू शकत होते, हे त्या सनदेतूनच कळते. कायद्याने बहिष्कृत केलेल्या माणसाला तर लांडग्यासमान मानले जाई. त्याला कोणीही मारावे, मारणाऱ्यावर गुन्हा नाही. अशा माणसाने राजाला राजाचेच चोरलेले हरीण वाढावे, यातच या कथेचा विनोद आहे आणि धारही आहे.

पुढे राजाची ओळख पटते, रॉबिन गुडघे टेकतो, त्याला माफी मिळते. मग एक विलक्षण गोष्ट घडते. राजाच रॉबिनकडून हिरवे कापड मागून घेतो, आपल्या माणसांसह ते अंगावर चढवतो आणि सारे मिळून नॉटिंगहॅमला येतात. नगरातील लोक घाबरतात. आपला राजा मारला गेला आणि आता रानातले लोक आपल्यावर चालून आले, असे त्यांना वाटते. राजाने बंडखोराचा वेष घेतल्याबरोबर प्रजेला राजा ओळखू येईनासा होतो!

कथा येथेही संपत नाही. रॉबिन राजाच्या पदरी राहतो, पण पंधरा महिन्यांत त्याच्याजवळचा पैसा संपतो, सोबती पांगतात आणि रानाची ओढ अनावर होते. काही दिवसांची रजा काढून तो जातो तो परत येतच नाही. त्यानंतर बावीस वर्षे तो रानातच राहतो आणि शेवटी कर्क्लीच्या मठातील नात्यातल्याच एका स्त्रीच्या विश्वासघाताने मरतो. म्हणजे राजाशी झालेला समेट टिकला नाही, असे जुने गाणे स्पष्टपणे सांगते.

‘रिचर्ड’ कोठून आला?

मग चित्रात रिचर्ड कसा? हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. 1521 साली जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसवले. 1598 मध्ये अँथनी मंडे याने लिहिलेल्या नाटकांत रॉबिन हंटिंग्डनचा अर्ल झाला. सामान्य घरातला माणूस आता पदच्युत उमराव ठरला. त्यानंतर 1819 च्या अखेरीस वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी आली. तिने रिचर्ड, रॉबिन आणि फ्रायर टक यांची रानातील भेट युरोपभरच्या वाचकांच्या मनात कायमची ठसवली. स्कॉटने आपल्या रॉबिनला उमरावपद दिले नाही, हे खरे. परंतु वेषांतर करून हिंडणारा दिलदार राजा त्याने इतका आकर्षक रंगवला की पुढील शतकभर रॉबिनच्या कथेला तोच राजा चिकटून राहिला.

इतिहासातल्या रिचर्डने दहा वर्षांच्या कारकिर्दीत जेमतेम सहा महिने इंग्लंडमध्ये काढले. 1194 च्या मार्चमध्ये नॉटिंगहॅमचा किल्ला जिंकल्यावर तो शेरवूडचे रान पाहण्यास गेला होता, अशी समकालीन बखरकाराची नोंद आहे. त्या नोंदीत रॉबिन नाही. तेव्हा मॅक्लीसने रंगवलेली मेजवानी ना इतिहासात आहे, ना जुन्या कथागीतात. तिच्यामागे तीन शतकांत झालेली कथेची उजळणी आहे.

वास्तवदर्शी आणि वास्तववादी

येथे मी दोन शब्द वेगळे ठेवण्याचा आग्रह धरतो. ‘वास्तवदर्शी’ हा शैलीचा गुण आहे. वस्तू डोळ्यांना दिसते तशी रेखाटणे, हे तिचे काम. ‘वास्तववादी’ ही भूमिका आहे. माणसे कोणत्या परिस्थितीत जगतात, त्यांच्या जगण्याला कोणते कायदे, कोणती भूक, कोणती सत्ता आकार देते, हे पाहण्याची तयारी त्या भूमिकेत असते. फ्रान्समधील गुस्ताव कूर्बेने 1849 साली रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर मोठ्या कॅनव्हासवर रंगवले, तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. मॅक्लीसच्या चित्रात पहिली आहे, दुसरी नाही.

कथागीत या दृष्टीने चित्राच्या नेमके उलट आहे. त्यात रॉबिनच्या चेहऱ्याचे वर्णन जवळजवळ नाही. प्रसंग भराभर बदलतात, अतिशयोक्ती भरपूर आहे. त्याला कोणी वास्तवदर्शी म्हणणार नाही. तरीही कर्ज किती, कोणाचे, जमीन कोणाच्या घशात जाणार, हरीण कोणाचे, शिक्षा कोण देणार, हे सारे त्यात नेमकेपणाने सांगितलेले आहे. चित्रात कातड्याचा पोत हुबेहूब आहे, पण कर्ज दिसत नाही. अन्न दिसते, पण ते अन्न खाणे हा गुन्हा आहे, हे रंगातून कळत नाही. चित्र एकच क्षण धरू शकते, आणि मॅक्लीसने धरलेला क्षण समेटाचा आहे. पंधरा महिन्यांनी रॉबिन दरबार सोडून निघून गेला, हे या चौकटीत बसत नाही. म्हणून ज्याला फक्त हे चित्र ठाऊक आहे, त्याला वाटेल की बंडखोराची कथा राजाच्या कृपेने सुखरूप पूर्ण झाली.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, की दंतकथेतल्या माणसांबद्दल सत्यासत्याचा हिशेब कशाला? रॉबिन मुळात कल्पनेतला. चित्रकाराने त्याला हवे तसे रंगवावे. हा आक्षेप पुष्कळ अंशी योग्य आहे. गायकांनीही प्रत्येक पिढीत कथा बदललीच. लोककथेचे एकमेव ‘शुद्ध’ रूप असते, असे आपण लोकसाहित्याच्या अभ्यासात मानत नाही. ‘जेस्ट’ हेसुद्धा अनेक गाण्यांची जुळणी करून तयार झालेले रूप आहे.

फरक माझ्या मते येथे आहे. गायक जेव्हा कथा बदलतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ठाऊक असते की हे गाणे आहे. उद्या दुसरा गायक ते वेगळे गाईल. वास्तवदर्शी चित्र आपल्या शैलीनेच साक्षीदाराचा आव आणते. ‘हे असे घडले’ असे ते न बोलता म्हणते. एकदा तो चेहरा, तो वेष, ती बैठक डोळ्यांत भरली की दुसरी कल्पना करणे अवघड जाते. आपल्याकडे राजा रविवर्मा (1848–1906) यांच्या तैलचित्रांचे आणि 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या मुद्रणालयातून घरोघर गेलेल्या चित्रांचे उदाहरण आहे. लक्ष्मी आणि सरस्वती यांची जी रूपे आज आपल्याला अनादी वाटतात, त्यांतली कित्येक शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची आहेत. ही त्या चित्रांची निंदा नव्हे. त्यांच्या सामर्थ्याची ती कबुली आहे. मात्र जेथे सामर्थ्य अधिक, तेथे पाहणाऱ्याने सावधही अधिक असावे.

मॅक्लीसच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मोठा कॅनव्हास त्या काळी राजे, सेनापती आणि धर्मपुरुष यांच्यासाठी राखीव असल्यासारखा होता. त्यावर रानात राहणाऱ्या, कायद्याने टाकून दिलेल्या माणसांची एवढी गर्दी आली आणि त्यांपैकी प्रत्येकाला स्वतःचा चेहरा मिळाला, ही लहान गोष्ट नाही. पण त्या कॅनव्हासवर येण्यासाठी त्यांना राजाची सोबत लागली, हेही तितकेच खरे.

हा प्रश्न आपला कसा?

इंग्लंडमध्ये रानातला बंडखोर चित्राचा नायक होत होता, त्याच्या सात वर्षे आधी, 3 फेब्रुवारी 1832 रोजी, कंपनी सरकारने पुण्यात उमाजी नाईकांना फाशी दिली होती. उमाजींच्या जीवनाविषयी आपल्याला जे सविस्तर वाचायला मिळते, त्यातील बराच भाग अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने रामोशी समाजावर लिहिलेल्या आणि 1833 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून येतो. ज्यांनी फाशी दिली, त्यांच्याच दप्तरातून चरित्र मिळते. पुढे 1878 चा वनकायदा आला आणि हिंदुस्थानातील रानेही मोठ्या प्रमाणावर सरकारी झाली. निमाडच्या तंट्या भिल्लाला ‘भारतीय रॉबिन हूड’ म्हणण्याची प्रथा पडली. त्याला 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूर येथे फाशी देण्यात आले. त्याला मेजवानीत सामील करून घेणारा राजा कोणत्याही चित्रात आला नाही.

याच राजवटीने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर लागू केला. त्यानुसार संपूर्ण जमातीच जन्माने गुन्हेगार ठरल्या. पारध्यांसारख्या समाजांतील माणसांना नोंदणी करावी लागे, हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्यावरूनच ‘विमुक्त’ हा शब्द आला. ही पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी काहींच्या आज्या-पणज्यांनी ती हजेरी दिली असेल. त्यांच्यासाठी ‘कायद्याबाहेरचा माणूस’ हा रम्य चित्रविषय नाही. एकाच समाजाने दूरच्या शतकातला बंडखोर दिवाणखान्यात टांगावा आणि समोरच्या रानातल्या माणसाला जन्मतः चोर ठरवावे, ही विसंगती इंग्रजांपुरती मर्यादित आहे असे समजून आपण निर्धास्त राहू नये. डाकूंवरील चित्रपट आवडीने पाहणारा आपला समाजही पालावर राहणाऱ्या माणसाकडे संशयानेच पाहतो.

म्हणून माझे मत असे, की अशा चित्राकडे पाठ फिरवू नये. ते डोळे भरून पाहावे आणि नंतर त्याच्याशेजारी गाणे ठेवावे. उमाजींवरील पोवाडा वाचतानाही हीच रीत उपयोगी पडेल. त्यातील शौर्याच्या वर्णनाबरोबर वतन, जमीन, पगार आणि शिक्षा यांचे उल्लेख कोठे येतात, ते टिपून ठेवावेत. सरकारी दप्तरातील वर्णन शेजारी ठेवून काय गळले, काय वाढले, ते पाहावे. ‘हे किती हुबेहूब आहे!’ या पहिल्या उद्गारानंतर ‘हे कोणाच्या सोयीचे आहे?’ हा दुसरा प्रश्न यायला हवा. तो विचारल्यावरच ‘वास्तववादी’ हा शब्द उत्तरपत्रिकेत लिहावा.